नस, मेंदू आणि इंद्रियं: आमच्या भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीला मेंदू आणि चेतांचा धडा आला की पोरं चार प्रश्न विचारतात, पण त्यांचे आई-बाप, आज्ज्या, शेजारचे अण्णा-काका एसटी स्टँडवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत चाळीस विचारतात, आणि ते प्रश्न धड्यातल्या प्रश्नांपेक्षा मला जास्त मोलाचे वाटतात कारण ते स्वतःच्या अंगावर अनुभवलेले असतात. म्हणून एकदा सगळे एका जागी लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही, पण कुठं थांबायचं नाही आणि सरळ दवाखाना गाठायचा तेवढं नक्की सांगेन.

सर, नस म्हणजे नक्की कुठली? रक्ताची की दुसरी?

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. सलाईन लावताना "नस सापडेना" म्हणतो ती रक्ताची, म्हणजे शीर. आणि कंबरेत "नस दबलीय" म्हणतो ती वेगळीच, ती चेता. दोघींना एकच शब्द असल्यामुळं कितीतरी लोकांना वाटतं की नस दबली म्हणजे रक्त अडकलं, मग ते रक्त मोकळं करायला जोरजोरात चोळत बसतात. शीर ही नळी आहे, आतून रक्त वाहतं. चेता म्हणजे बारीक तंतूंची जुडी, दिसायला पांढरट, समईच्या वातीसारखी, आणि तिच्यातून विजेची एक छोटी लाट पुढं सरकत जाते. तारेतल्या करंटसारखी ती सुसाट जात नाही, तंतूच्या भिंतीतून सोडियम आणि पोटॅशियमचे कण आत-बाहेर होतात आणि त्या आत-बाहेर होण्यातून लाट पुढं ढकलली जाते. एक पेशी संपून दुसरी सुरू होते तिथं बारीक फट असते, ती फट ओलांडायला वीज चालत नाही, तिथं बहुतेक वेळा एखादं रसायन सोडावं लागतं. हे फटीचं लक्षात ठेवा, पुढं तंबाखूच्या आणि सापाच्या प्रश्नात ते परत येणार आहे.

मेंदूत अशा पेशी सुमारे ८६०० कोटी. वजन सव्वा-दीड किलोच्या मधलं, शरीराच्या साधारण २ टक्के, पण खातो किती तर शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली जवळजवळ २० टक्के.

इंद्रियं पाचच ना?

पाठ करायला पाच. पण डोळे मिटून तुमचा हात कुठं आहे हे तुम्हाला कळतं की नाही? ते या पाचात कुठं बसतं? तोल, भूक, तहान, लघवी लागल्याची जाणीव, गरम-गार, दुखणं, ही सगळी आतली-बाहेरची खबरच आहे आणि प्रत्येकाला वेगळे ग्राहक, म्हणजे खबर टिपणारी टोकं किंवा पेशी, आणि वेगळ्या वाटा आहेत. मी पोरांना पाच लिहायला सांगतो, परीक्षेत तेच येतं, पण वर्गात पाचवर थांबत नाही.

सगळी इंद्रियं मिळून काम करतात म्हणजे नेमकं काय होतं?

गुऱ्हाळावर जाऊन गुळव्याकडं बघा, याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. काहिलीत रस उकळतोय, तो बुडबुड्यांचा आकार बघतोय, खदखदण्याचा आवाज बदलला की कान टवकारतोय, वास बदलला की हाताखालच्या पोराला जाळ कमी करायला सांगतोय, आणि शेवटी थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतेय का बघतोय. विचारलं "अण्णा, कशावरून कळलं?" तर म्हणतो "कळतंय की." त्याला खरंच वेगवेगळं सांगता येत नाही, कारण मेंदूनं ते वेगवेगळं ठेवलेलंच नाही. डोळ्याची खबर मेंदूच्या मागच्या भागात जाते, कानाची कानशिलाच्या बाजूला, स्पर्शाची डोक्याच्या वरच्या पट्टीत, पण मधल्या मेंदूत आणि वरच्या थरांतही अशा पेशी आहेत की ज्यांना दोन-तीन इंद्रियांचे धागे एकाच वेळी येऊन मिळतात, आणि आवाज आणि दृश्य एकाच जागेवरून एकाच वेळी आलं की त्या एकेकट्या खबरेपेक्षा जास्त जोरात उठतात.

आणि खबरा जुळत नसतील तर मेंदू तडजोड करतो. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोघांनी दाखवलं की कानावर "बा" पडतोय पण समोरच्या माणसाचे ओठ "गा" म्हणतायत असा व्हिडिओ लावला, तर बऱ्याच लोकांना "दा" ऐकू येतं. म्हणजे कानात नसलेला, ओठावर नसलेला तिसराच आवाज. डोळे मिटले की परत "बा". मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

डोळा बघतो की मेंदू बघतो?

डोळा गोळा करतो, बघतो मेंदू. घरी करून बघा. कोऱ्या कागदावर डावीकडं एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडं ८ सेंटीमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडंच बघत राहा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा, साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका गायब होतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जिथून चेता बाहेर पडते तिथं बघणाऱ्या पेशीच नाहीत, तो डाग प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात आहे, आणि जन्मभर तो आपल्याला दिसत नाही कारण मेंदू आजूबाजूचं बघून तिथं ठिगळ लावतो.

पडद्यावर अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी सुमारे १२ कोटी, रंग बघणाऱ्या ६० लाखाच्या आसपास, आणि मेंदूकडं जाणारे तंतू मात्र १० लाखाच्या थोडे वर. म्हणजे बरीचशी निवड डोळ्यातच होऊन जाते. उजेडातून अंधाऱ्या गोठ्यात गेल्यावर आधी काही दिसत नाही आणि नीट नजर बसायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती अंधुक उजेडाच्या पेशींमधला रंगद्रव्याचा साठा परत भरायला लागतात. तो साठा अ जीवनसत्त्वापासून बनतो, म्हणून ते कमी पडलं की रातांधळेपणा.

काहिलीच्या कडेला हात लागला की हात आधी मागं येतो आणि दुखतं नंतर, असं का?

कारण हात मागं घ्यायचा हुकूम मेंदूतून येतच नाही. बोटातून निघालेली खबर पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत पोचते आणि तिथूनच दंडाच्या स्नायूला उलट हुकूम सुटतो. मेंदूला कळवलं जातं, पण तो निरोप वरपर्यंत जाईस्तोवर हात निघालेला असतो.

दुखणं पण दोनदा येतं, लक्ष दिलं तर कळेल. आधी टोचल्यासारखी चरचरीत एक कळ, मग क्षणभरानं पसरणारी, ठसठसणारी आग. पहिली ज्या तंतूंतून जाते त्यांच्यावर पातळ आवरण असतं, सेकंदाला ५ ते ३० मीटर वेग. दुसरी उघड्या बारीक तंतूंतून, ती सेकंदाला अर्ध्या ते दोन मीटरनं रांगत येते. याउलट स्नायूंची खबर आणणारे जाड आवरणाचे तंतू सेकंदाला १०० मीटरच्याही वर जातात.

लागल्यावर आपण चोळतो, त्यानं खरंच कमी होतं काय?

होय. चोळल्यानं स्पर्शाचे जाड तंतू जागे होतात आणि मेरुरज्जूतच दुखण्याच्या निरोपाची वाट थोडी अडवतात. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली हा विचार मांडला, पुढं त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या पण मूळ गोष्ट टिकली. पोरगं पडलं की आई फुंकर घालते, कुरवाळते, ते नुसतं मन रिझवणं नाही.

संकेश्वरी मिरची एवढी झोंबते, तर तिखट ही चव नाही असं का म्हणतात?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी वर्गात भांडण होतं, कारण "तिखट चव नाही" हे आपल्या भागातल्या माणसाला पटणंच अवघड. जिभेवरच्या रुचिकलिका पाच चवी ओळखतात, गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, ती टोमॅटोत, मटणाच्या रश्शात असते. तिखट या यादीत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन हे चवीच्या चेतेवर जातच नाही, ते जातं दुखणं आणि भाजणं ओळखणाऱ्या तंतूंवर. त्या तंतूंच्या टोकाला एक दार असतं, जे एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गरम झालं की उघडतं. कॅप्सेसिन तेच दार उघडतं. मेंदूला निरोप जातो "भाजलं", आणि मेंदू भाजल्यावर जे करायचं तेच करतो, घाम काढतो, नाकाडोळ्यातून पाणी काढतो, तोंड लाल करतो. तोंडाचं तापमान मात्र तेवढंच असतं.

हे दार डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली शोधून दाखवलं आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, सोबत आर्डेम पॅटापुटियन यांना, त्यांनी दाबाचं दार शोधलं म्हणून. मिरचीवरून सुरू झालेलं काम नोबेलपर्यंत गेलं हे संकेश्वरच्या बाजारात मिरचीचे ढीग बघत वाढलेल्या पोरांना मी मुद्दाम सांगतो.

याच्यातून बाकीच्या गोष्टी आपोआप सुटतात. मिरच्या कुटताना हाताची आग होते, डोळ्याला हात लागला तर विचारू नका, आता डोळ्यात आणि तळहातावर कुठं रुचिकलिका असतात? पण भाजणं ओळखणारे तंतू सगळीकडं असतात. पाणी पिऊन आग जात नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दूध-दह्यातलं केसिन त्याला धरून बाजूला काढतं, म्हणून ताटात दही पाहिजे. पोपट मिरच्या आरामात खातो कारण पक्ष्यांचं ते दार कॅप्सेसिननं उघडत नाही. पुदिन्याचं याच्या उलटं, तो गार ओळखणारं दार उघडतो. आणि ब्याडगी मिरचीला रंग भरपूर पण झणका कमी, कारण रंग देणारं द्रव्य वेगळं आणि झोंबणारं वेगळं, म्हणून आमच्या घरी चटणी करताना दोन्ही मिसळतात, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी.

एक जोडून सांगतो, जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट आणि मागं कडू असा जो नकाशा जुन्या पुस्तकात असायचा तो चुकीचा आहे. १९०१ च्या एका जर्मन निबंधाचा पुढच्या लोकांनी भलताच अर्थ लावला आणि तो शंभर वर्षं छापला गेला. जिभेवर जिथं रुचिकलिका आहेत तिथं सगळ्या चवी कळतात.

सर्दी झाली की जेवण मातीसारखं का लागतं?

चव गेलेली नसते, वास गेलेला असतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. नाक दाबून कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा, एक घास खा, गोड कळेल पण कुंदा कळणार नाही, मग नाक सोडा. कोविडमध्ये वास गेला तेव्हा हे सगळ्यांनी भोगलं.

मळीचा वास परगावच्या माणसाला नकोसा होतो आणि कारखान्याजवळ राहणाऱ्याला येतच नाही, नाक मेलेलं असतं काय?

नाही. वास सारखा तोच राहिला की ग्राहक पेशी पण थंडावतात आणि मेंदू पण "नवीन काही नाही" म्हणून बाजूला ठेवतो. मेंदूला बदल हवा असतो. अंगावरचा शर्ट सकाळी घातल्यावर पुन्हा जाणवत नाही ते त्याच कारणानं.

वासाचं आणखी एक वेगळेपण आहे. बाकीची बहुतेक खबर थॅलॅमस नावाच्या मधल्या नाक्यावरून वर जाते, वास मात्र तो नाका टाळून सरळ आठवण आणि भावनेच्या भागांजवळ पोचतो. म्हणून पहिल्या पावसाचा मातीचा वास आला की माणूस क्षणात लहान होतो. माझ्या आईनं तरुणपणी तंबाखूच्या वखारीत काम केलं, आज सत्तरी ओलांडली तरी जर्दीचा वास आला की ती त्या वेळच्या मैत्रिणींची नावं एकापाठोपाठ एक सांगते, एरवी विचारलं तर आठवत नाहीत. नाकात वासाचे ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे असतात, त्यांची जनुकं शोधल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं.

चोर्ला घाटात गाडी लागते, ती पोटामुळं की डोक्यामुळं?

कानामुळं, आणि डोळ्याशी त्याच्या होणाऱ्या भांडणामुळं. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या आहेत, डोकं वळलं की त्यातला द्रव मागं राहतो आणि वळल्याचं कळतं. शेजारी दोन पिशव्या, त्यात चुन्याचे बारीक खडे, त्यांनी वर-खाली आणि पुढं-मागं कळतं. कणकुंबी सोडून गाडी वळणं घ्यायला लागली की कान ओरडून सांगतो आपण हलतोय, आणि तुम्ही मोबाईलमध्ये बघत असाल तर डोळा सांगतो सगळं स्थिर आहे. ही तफावत मेंदूला सोसत नाही आणि मळमळ सुरू होते. ड्रायव्हरला लागत नाही कारण पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं. म्हणून पुढं बसा, लांबवर रस्त्याकडं बघा, फोन खिशात ठेवा.

अंथरुणात कूस बदलली की घर फिरतं, हे बीपीचं आहे काय?

असूही शकतं, पण कूस बदलल्यावर किंवा वर बघितल्यावर थोडे सेकंदच गरगरत असेल तर बऱ्याच वेळा ते चुन्याचे खडे जागा सोडून नळीत गेलेले असतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून ते खडे परत जागेवर नेतात, अनेकांना एक-दोन वेळातच उतार पडतो. मानेची नस समजून महिनोन् महिने पट्टा बांधून बसलेली माणसं मी बघितलीत, वाईट वाटतं.

मिरवणुकीत डॉल्बीपुढं नाचल्यावर कानात शिट्टी वाजते, दुसऱ्या दिवशी जाते, मग काळजी कशाला?

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन इवल्या हाडांतून गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत जातो, तिथं केसाळ पेशी डुलतात आणि त्यांच्या डुलण्यातून चेतेत निरोप सुटतो. एका कानात या पेशी १५ हजाराच्या आसपास, जन्माला येतानाच मिळतात, मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शिट्टी थांबली म्हणजे सगळं भरून आलं असं नाही.

हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. डॉल्बीच्या भिंतीपुढं आवाज त्याच्याही वर जातो. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपतीची मिरवणूक, रात्र उजाडेपर्यंत चालते, मीही दरवर्षी जातो, न जाता राहवत नाही. पण लहान पोराला खांद्यावर घेऊन स्पीकरपुढं उभं राहू नका. ढोल-ताशावाल्या पोरांनी कानात फोमचे बोळे घालावेत, ठेका चुकत नाही, मी घालून बघितलंय.

आमची पोरं मराठी-कन्नड दोन्ही ऐकत वाढतात, मेंदूचा गोंधळ होतो काय?

गोंधळ होत नाही, उलट कान जास्त रुंद राहतो. जन्मलेल्या बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतले जवळजवळ सगळे आवाज वेगळे कळतात. वर्कर आणि टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले "त" आणि "ट" ऐकवले, सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला, दहा-बारा महिन्यांची होईस्तोवर बहुतेकांचा कळायचा बंद झाला, कारण आजूबाजूला तो फरक कुणी वापरतच नव्हतं. कन्नडमध्ये ऱ्हस्व "ए" आणि दीर्घ "ए" वेगळे आहेत, "ओ"चंही तसंच, मराठीत हा फरक नाही. आमच्याकडं गल्लीत कन्नड ऐकत वाढलेल्या पोरांना तो सहज कळतो, पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला दहा वेळा सांगूनही कळत नाही. आणि चमच्यातला "च" आणि चहातला "च" वेगळा हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. दोन्ही भाषा ऐकू द्या.

पैलवानाला न बघता समोरच्याचा डाव कसा कळतो?

स्नायूंच्या आत ताण मोजणारे ग्राहक असतात, सांध्यांत आणि स्नायुबंधांतही असतात, ते सतत सांगत असतात की कुठला भाग किती ताणलाय. शेरिंग्टन यांनी १९०६ साली या जाणिवेला स्वतंत्र नाव दिलं, १९३२ चं नोबेल त्यांना चेतापेशींच्या कामाबद्दल मिळालं. कुस्तीत समोरच्यानं वजन एका पायावर टाकलं की ते आधी तुमच्या पकडीतल्या हाताला कळतं, आणि हजारो वेळा सराव झालेला असल्यामुळं अनुमस्तिष्क, म्हणजे मागचा छोटा मेंदू, विचार न करता अंग वळवतो. आमचे वस्ताद म्हणायचे, डोळ्यानं लढणारा हरतो.

पायाला मुंग्या येतात त्या कशानं?

मांडी घालून बसल्यावर चेतेवर आणि तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरांवर दाब येतो, निरोप थांबतो, पाय बधिर. उठल्यावर चेता जागी होताना वेडेवाकडे निरोप सोडते, त्या मुंग्या. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत करंट जातो तिथंही हाडाला नाही, हाडावरून जाणाऱ्या चेतेला लागलेलं असतं. हे दोन-चार मिनिटात जात असेल तर सोडून द्या. बसलेलं नसताना, रोज, दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येत असतील तर सोडून देऊ नका, पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

साखर असलेल्या माणसाला पायाला एवढं जपायला का सांगतात?

इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे माझ्या घरात घडलंय.

माझ्या वडिलांना पंधरा वर्षं साखर. एकदा संध्याकाळी शेतातून आले, हातपाय धुतले, घरात चालले तर फरशीवर रक्ताचे ठसे. चपलेत बोराच्या बीएवढा खडा होता, सकाळपासून पायाखाली, आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्याआधी वर्षभर ते म्हणायचे "चप्पल पायातून कधी निसटली कळंना झालंय", आम्ही म्हणायचो वय झालं. ती सूचना होती, आम्हाला वाचता आली नाही. जखम भरायला साडेतीन महिने गेले आणि एक बोट काढावं लागलं.

होतं असं की साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की चेता आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक शिरा खराब होतात, आणि सगळ्यात लांब चेता आधी जातात. कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू जवळजवळ मीटरभर लांब, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि मोजा चढवल्यासारखी वर सरकते. काहींना रात्री आग होते, मुंग्या येतात, ते निदान दवाखान्यात तरी जातात. ज्यांचं नुसतं बधिर होतं ते जात नाहीत, कारण दुखत नाही. न दुखणारा पाय बरा वाटतो, आणि तोच जास्त धोक्याचा. दुखणं असतं तर वडिलांनी दहाव्या पावलाला चप्पल झटकली असती.

तर रोज रात्री तळपाय बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरातल्या कुणाला बघायला सांगा. चप्पल घालायच्या आधी झटका, आत हात घालून बघा. अनवाणी फिरू नका, देवळात सुद्धा तापलेल्या फरशीवर नको. गरम पाण्यात पाय बुडवून शेकू नका, भाजलेलं कळणार नाही. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना पायाची तपासणी करायला सांगा, नायलॉनचा एक बारीक धागा टेकवून आणि कंप पावणारा चिमटा लावून बघतात, पाच मिनिटांचं काम. साखरेच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ पण तपासायला सांगा, ते कमी पडलं तरी असंच होतं, आणि ते भरून काढता येतं.

अंगावर फिकट चट्टा आहे, टोचलं तर कळत नाही, काय असेल?

आजच, फार तर उद्या, सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाचा जंतू चेतांच्या आवरणावर बसतो म्हणून चट्टा बधिर होतो. हॅन्सन यांनी १८७३ साली हा जंतू शोधला. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिने घ्यायचं, पूर्ण बरं होतं, आणि औषध सुरू झालं की लवकरच दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही. लाज वाटून लपवलं तर बोटं वाकडी होऊ शकतात.

ओल्या तंबाखूत काम केलं की गरगरतं, उलटी होते, ती उन्हानं काय?

ऊन असेलही, पण दव पडलेली नाहीतर पावसानं भिजलेली पानं हाताळली की त्यातलं निकोटीन पाण्यात उतरून कातडीतून आत जातं. मघाशी फटीतलं रसायन म्हटलं ना, त्यातल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाची जी कुलपं आहेत त्यात निकोटीनची किल्ली बसते. मग मळमळ, डोकेदुखी, गरगर, छातीत धडधड. तंबाखू न खाणाऱ्या बाईला सुद्धा हे होतं. पान वाळल्यावर शिरायचं, लांब बाह्या, हातमोजे, भिजलेले कपडे लगेच बदलायचे. गरोदर बाईला त्या कामाला पाठवूच नका.

कीटकनाशक फवारताना लाळ गळणं, बाहुल्या बारीक होणं, अंग फडफडणं हे त्याच फटीतलं उलटं दुखणं, तिथं रसायन साफ करणारं एन्झाइम बंद पडलेलं असतं. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

मण्यार चावली तर दुखत नाही म्हणतात, मग कळायचं कसं?

पापण्यांवरून. मण्यारीचं विष चेता आणि स्नायू यांच्यामधली फट बंद पाडतं. रात्री झोपेत चावते, खूण सापडत नाही, पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीत असतो आणि हलू शकत नाही. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं एक मिनिट घालवायचं नाही, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. ऊसतोडीच्या दिवसात जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी सगळ्या बाजूंनी खोचून झोपावं.

फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवायची काय?

नको. फिट म्हणजे मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकदम सुटतात, त्या वेळी वास समजायला मेंदू मोकळा नसतो. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, तोवर कांदा धरलेला असतो म्हणून कांद्याला मान मिळतो. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना.

लकवा डाव्या बाजूला आणि बिघाड उजव्या मेंदूत, हे खरं काय?

खरं आहे, वाटा मेंदूच्या देठाशी ओलांडतात. तोंड एका बाजूला उतरलं, हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यात स्कॅनचा वेळ आला, आणि खेड्यातून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायचा वेळ पण आला. मालिश वगैरे नंतर, डॉक्टर सांगतील तेव्हा.

पोरांना घरी करायला एखादा प्रयोग सांगा की.

केसातली पिन घ्या, दोन टोकं दोन-तीन मिलिमीटर लांब करा आणि डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या टोकावर टेकवा, दोन टोकं कळतात. तीच पिन पाठीवर टेकवा, एकच वाटतं, पाठीवर जवळजवळ ४ सेंटीमीटरपर्यंत लांबवलं तर कुठं दोन कळतात. बोटांच्या टोकांवर ग्राहक दाट आणि मेंदूतही बोटांना जागा पाठीपेक्षा कितीतरी जास्त.

दुसरा प्रयोग मी मुद्दाम देतो. आज्जी-आजोबांना डोळे मिटायला सांगायचं, कापसाचा बोळा पायाच्या अंगठ्याला हळूच लावायचा आणि कळलं की "आता" म्हणायला सांगायचं. मागच्या वर्षी एका पोरीच्या आज्जीला दोन्ही अंगठ्यांवर काही कळलं नाही, पोरीला वाटलं आपलंच चुकलं म्हणून तिनं चार वेळा करून बघितलं आणि मग वर्गात येऊन सांगितलं. साखर तपासली तर निघाली, घरात कुणालाच माहीत नव्हतं.